मांडीवर मावेल एवढं विमान

घाटकोपर पश्चिमेला राहणाऱ्या माणसाला बोलता बोलता मध्येच थांबायची सवय असते. डोक्यावरून विमान उतरायला निघालेलं असतं. तेवढ्यापुरतं वाक्य तो तोंडातच धरून ठेवतो आणि घरघर विरली की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. नवख्या पाहुण्याला वाटतं, गृहस्थ फार तोलूनमापून बोलतात. पार्ल्यावरून विमानं चढताना जातात, म्हणून तिथले लोक टीव्हीचा रिमोट हाताशी ठेवूनच जेवायला बसतात. आमच्या मुलुंडला हा त्रास नाही आणि घर विकायची वेळ आली की तो नसल्याचे पैसेही लावले जातात.

इतकी विमानं कानावरून जाऊनही उपनगरी माणसाचा विमानाशी संबंध ‘पंधरा किलोत बसेल ना गं सगळं?’ या प्रश्नापुरताच येतो. अपवाद फक्त एका जमातीचा. ही माणसं दिसायला तुमच्याआमच्यासारखी असतात, बोरिवली फास्ट पकडतात, ऑफिसात पोटापुरतं काम करतात आणि शनिवार-रविवारी विमान चालवतात. यांच्याकडे पीपीएल म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स असतं. वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा, किमान 40 तासांचं उड्डाण, की झालात तुम्ही वैमानिक. मित्राला शेजारी बसवून फिरवून आणता येतं. मात्र त्याबद्दल कोणाकडून एक पैसा घेता येत नाही.

माझ्या ताईला लायसन्सची सगळी कलमं मान्य आहेत, हे शेवटचं सोडून.

“म्हणजे एवढे लाख घातलेस आणि वर पगार नाही?”

“आई, पगार घ्यायला बंदी आहे.”

“बंदी असलेल्या किती गोष्टी लोक करतात!”

माझा हा भाचा बोरिवलीला राहतो आणि गोरेगावला आयटीत आहे. त्याने मागच्या उन्हाळ्यात जाहीर केलं की आता कॉकपिटमध्ये वापरायला एक टॅबलेट घ्यायचा आहे. एका टॅबलेटची ती काय खरेदी! पण घरातल्या सर्वांना, आणि मामा म्हणून मला विशेष, त्यात पुढे जे ओढलं गेलं त्यावरून मी एका निष्कर्षाला आलो आहे. मोटार घेणारा माणूस मोटार निवडतो. रंग निवडतो, सनरूफ निवडतो आणि मग पार्किंगसाठी रात्रभर नाक्यानाक्यावर फिरतो, पण निवडतो. हौशी वैमानिकाच्या नशिबी ते नाही. विमान क्लबचं असतं. पटांगणात त्या दिवशी जे चालू स्थितीत उभं असेल ते त्याचं. वेळ इन्स्ट्रक्टर ठरवणार, कुठे वळायचं ते टॉवर सांगणार, आणि मुळात उडायचं की नाही ते दोन नंबर मिळाल्यावर कळणार. एक एफआयसी, म्हणजे उड्डाणाची माहिती रीतसर नोंदवल्याचा. दुसरा एडीसी, म्हणजे हवाई संरक्षणवाल्यांनी ‘जाऊ दे’ म्हटल्याचा. एवढ्या कारभारात स्वतःच्या मर्जीने निवडायची एकच वस्तू शिल्लक राहते, ती म्हणजे मांडीवर ठेवायचा टॅबलेट. मग अख्खं विमान निवडायची हौस तो माणूस त्या टॅबलेटवर फेडून घेतो.

भाच्याने एक्सेलमध्ये तक्ता केला होता. वजन, जाडी, उन्हात स्क्रीन किती उजळ, किती अंशांपर्यंत तापला तर चालेल, बॅटरी, जीपीएस, घाम लागलेलं बोट ओळखतो का. सूनबाईंनी चहा ठेवता ठेवता मला हळूच सांगितलं, “मामा, आमचं लग्न ठरताना यांनी मला तीन प्रश्न विचारले होते. या टॅबलेटला बावीस विचारलेत.”

हे सगळं कशासाठी, असं विचारायची सोय नाही, कारण लगेच इतिहास सुरू होतो. पूर्वी वैमानिकाला नकाशे, धावपट्ट्यांचे आराखडे, नियमांची पुस्तकं असा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. त्याचं मूळ अमेरिकेत एल्रे जेपसेन नावाच्या टपाल नेणाऱ्या पायलटाकडे जातं. 1930च्या सुमारास त्याने 10 सेंटची एक काळी वही घेतली. कुठलं मैदान किती लांब, उतार कुठल्या बाजूला, पाणी कुठे साचतं, आडवं काय येतं हे सगळं तो त्यात टिपायचा. मैदानाजवळच्या शेतकऱ्याचा फोन नंबरसुद्धा. म्हणजे ढग किती खाली आलेत ते त्यालाच विचारता येई. पुढे इतर पायलट ती वही मागायला लागले, तेव्हा त्याने 1934 साली छापून 10 डॉलरला विकायला काढली. 10 सेंटची वही 10 डॉलरला! आमच्या भागातल्या शाळांना वह्या पुरवणाऱ्यांनी हा इतिहास वाचलेला असावा.

त्या वहीचं पुढे एवढं बाड झालं, की अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटाची बॅग 16 किलोंच्या घरात गेली. 2013 साली त्या कंपनीने बॅगा काढून आयपॅड दिले. वजन वाचलं, इंधन वाचलं, पायलटांच्या पाठी वाचल्या. पुढे एप्रिल 2015मध्ये एके संध्याकाळी त्यातल्या काही आयपॅडांवरचं नकाशाचं ॲपच बसलं आणि उडायला निघालेली काही विमानं मागे फिरून गेटवर आली. कशासाठी? वायफाय पकडायला. हा भाग भाचा भरभर सांगतो. मी मात्र तो लक्षात ठेवला आहे.

त्याची आवडती कथा मात्र आपल्या जुहूची आहे, आणि तिथे मीही सावरून बसतो. जुहूचा विमानतळ 1928चा. आता तिथून हेलिकॉप्टरं उडतात, बरीचशी बॉम्बे हायच्या तेलविहिरींकडे जाणारी. पण देशातलं हौशी उड्डाण तिथलंच. बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकून जे. आर. डी. टाटांनी 10 फेब्रुवारी 1929ला लायसन्स मिळवलं, भारतात दिलं गेलेलं पहिलं. 15 ऑक्टोबर 1932ला ते कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ या चिमुकल्या विमानातून निघाले, अहमदाबादला बैलगाडीतून आलेल्या डब्यांतलं पेट्रोल भरून घेतलं आणि जुहूला उतरले. वाटेत रेडिओ नाही, रस्ता दाखवायला खाली कोणी नाही. त्या काळी पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर समुद्राचं पाणी भरायचं, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. त्याच टाटांच्या समूहाने 2006 साली जुहूलाच क्रोमाचं पहिलं दुकान उघडलं. म्हणजे जिथे एकेकाळी हौशी माणसाला विमान मिळायचं तिथे आता टॅबलेट मिळतो. माझ्या सिद्धांताला याहून मोठा पुरावा नको.

तर, जुहूची धावपट्टी आणि सांताक्रूझची धावपट्टी यांच्यात अंतर तीन-चार किलोमीटरचं. वरून बघणाऱ्या पाहुण्याला कुठली कोणाची, पटकन कळत नाही. 1953च्या जुलैत बीओएसी कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. ते काही दिवसांनी तिथूनच उडवून नेलं. एकदा झालं, लोक शिकले, असं आपल्याला वाटतं. 24 सप्टेंबर 1972ला जपान एअर लाइन्सचं लंडनहून टोकियोला निघालेलं डीसी-8 मुंबईत यायला निघालं आणि तेही जुहूलाच उतरलं. त्या अवाढव्य जेटला जुहूची सव्वा किलोमीटरहून आखूड पट्टी कशी पुरणार? ते पुढे गेलं, पट्टी मागे राहिली. कोणाचा जीव गेला नाही, पण विमान मात्र पुन्हा उडायच्या लायकीचं उरलं नाही.

“मामा,” भाचा इथे नेहमी थांबतो, “त्या पायलटाच्या मांडीवर टॅबलेट असता, त्यावर नुसता एक निळा ठिपका असता, की आपण इथे आहोत, तर?”

“निळा ठिपका माझ्या फोनवरही असतो,” त्याची मामी म्हणाली. “तरी आमचं जेवण दर रविवारी समोरच्या सोसायटीत पोचतं.”

निळा ठिपका मिळवण्यासाठी आम्ही अंधेरी पश्चिमेच्या एका भल्यामोठ्या दुकानात गेलो. तिथला मुलगा तरतरीत होता.

“कोणासाठी बघताय सर? मुलांच्या अभ्यासाला?”

“विमानात वापरायला,” भाचा म्हणाला.

“मग स्पीकर चांगला घ्या सर. पिक्चर बघायला मजा येते. पण आधी डाउनलोड करून ठेवा हं, वर नेट नसतं.”

भाच्याने त्याला सांगितलं की आपण पाठीमागे बसून पिक्चर बघणार नसून पुढे बसून विमान चालवणार आहोत. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या मानेचा त्याने काय अर्थ घेतला कोण जाणे, पण पुढचा सगळा वेळ तो भाच्याशी फार प्रेमाने, समजुतीच्या स्वरात बोलत होता.

खरी गंमत सिमवर आली. भाच्याला सिमवालं मॉडेल हवं होतं. मुलगा म्हणाला, “सर, विमानात फ्लाइट मोडच ठेवायचा असतो ना? मग सिमवालं कशाला? वायफायवालं घ्या, पंधरा हजार वाचतील.” मला हा मुद्दा बिनतोड वाटला. पण इथे हौशी वैमानिकांचं एक गुपित आहे. ॲपलच्या नुसत्या वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं. आजूबाजूला कोणाकोणाचं वायफाय दिसतंय त्यावरून तो आपला पत्ता ताडतो. बोरिवलीत ते ठीक. एकेका जिन्यावर चाळीस वायफाय असतात. कसारा घाटावर आठ हजार फुटांवर कोणाचं वायफाय? सिमवाल्या मॉडेलमध्ये मात्र जीपीएस येतं, आणि उपग्रहाचा इशारा ऐकायला सिम चालू असावं लागत नाही. म्हणजे मिनी आयपॅड तेव्हा वायफायचा 49,900ला, सिमवाला 64,900ला, आणि वरचे पंधरा हजार कधीही चालू न करायच्या सिमसाठी. मी शांतपणे तिथल्या स्टुलावर बसलो.

“अँड्रॉइड घ्या ना मग,” मुलाने शेवटचा प्रयत्न केला. “निम्म्यात येईल.” तोही मुद्दा खोटा नव्हता. अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅबलेटांत सिमशिवायही जीपीएस असतं. पण अमेरिकेतले हौशी पायलट ज्या फोरफ्लाइट ॲपच्या नावाने उदबत्ती लावतात, ते ॲपलखेरीज दुसऱ्या टॅबलेटवर चालत नाही. गार्मिन पायलट दोन्हीकडे चालतं. आणि एकदा अमेरिकेतल्या पायलटांचं ऐकायला लागलं की माणसाला आणखीही बरंच काही हवंसं होतं. तिकडे एक छोटी डबी मिळते. ती डॅशबोर्डवर ठेवली की जमिनीवरच्या केंद्रांकडून हवामान आणि आसपासची रहदारी टॅबलेटवर उमटते, तीही फुकट. भाच्याने ती डबी मागवायचं जवळजवळ नक्की केलं होतं. मग कळलं की फुकट हवामान पाठवणारं केंद्रच आपल्याकडे नाही. डबी इथे फक्त डबी आहे. उपग्रहावरून निरोप पाठवणारं एक यंत्रही त्यांच्या यादीत असतं. ते आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगलं तर गोव्याच्या विमानतळावर पोलिसांच्या ताब्यात जायची वेळ येते, आणि काही परदेशी पाहुण्यांवर ती आलीही. तात्पर्य, कॅलिफोर्नियातल्या निवृत्त दंतवैद्याचा सल्ला बोरिवलीत जसाच्या तसा अमलात आणता येत नाही.

दुकानातून आम्ही हात हलवत परतलो, कारण दोन परीक्षा अजून व्हायच्या होत्या.

पहिली उन्हाची. आयपॅड किती गरम हवेत चालावा, याची कंपनीने छापलेली मर्यादा 35 अंश सेल्सियस आहे. मुंबईत मे महिन्यात सावलीतच त्याच्या आसपास असतं. शिवाय भाच्याचं उड्डाण मुंबईत नाहीच. हौशी विमानं जुहूहून कधीच हलली. बॉम्बे फ्लाइंग क्लबाची विमानंसुद्धा शिकवणीसाठी धुळ्याला असतात. हा बोरिवलीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या बसने खानदेशात जातो, तासभर उडतो आणि तशाच बसने परत येतो. मे महिन्यातल्या धुळ्यात पारा 40 ओलांडतो, आणि छोट्या विमानाच्या काचेखाली किती होत असेल ते विमान उभं करणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणून ऑफिसातल्या मित्राचा जुना आयपॅड मागून आणून, ताईच्या सोसायटीच्या गच्चीवर भर दुपारी चाचणी घेतली. गच्ची मोकळी नव्हती. ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे भाच्याच्या आजीने, जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या आणि काठीला काळं फडकं बांधून कावळे राखत त्या टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. भाच्याने कुरडयांच्या ओळीच्या शेवटी टॅबलेट मांडला. त्यावर नकाशा लावला, स्क्रीन पूर्ण उजळ केली, फोनवर घड्याळ लावलं. मी छत्री धरून पंच म्हणून उभा राहिलो. आधी स्क्रीन मंद झाली. मग आणखी मंद. मग नकाशा गेला आणि काळ्या पडद्यावर थर्मामीटरचं चित्र आलं: आयपॅडला आता गार व्हायचं आहे, तोवर काही विचारू नका.

“मला म्हणतोस आजी उन्हात बसू नको,” आजी म्हणाल्या, “आणि तू एवढं महागाचं डबडं वाळत घालतोस.”

भाचा मात्र खुशीत होता. चाचणीत वस्तू नापास झाली की अभ्यासू माणसाला वेगळंच समाधान मिळतं. पाठीमागचं रबरी कव्हर काढलं तर किती फरक पडतो, पांढरं फडकं टाकलं तर किती, वाऱ्याच्या तोंडाशी धरला तर किती, सगळ्याची नोंद झाली. त्याचा डोळा चुकवून ताईने तो तापलेला आयपॅड फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवून दिला. गरम यंत्र एकदम गारव्यात ठेवलं की आतल्या आत दव धरतं, ते त्याला सगळ्यात घातक, हे तिला सांगेपर्यंत कोथिंबिरीचा वास लागलेला होता. तेव्हा तो मित्राला काय म्हणून परत केला, ते मी विचारलं नाही.

उन्हाच्या परीक्षेतूनच गॉगलचा प्रश्न निघाला. सूनबाईंनी त्याला वाढदिवसाला महागातला पोलराइज्ड गॉगल दिला होता. तो घालून टॅबलेटकडे पाहिलं की एका कोनात स्क्रीन काळी ठिक्कर. मान तिरकी केली की नकाशा दिसायचा. विमानातले काही पडदेही अशा काचेतून दगा देतात, म्हणून पायलटांनी पोलराइज्ड गॉगल टाळावा असा सर्वमान्य सल्ला आहे. अंधेरी स्टेशनाबाहेरच्या फूटपाथवर घेतलेला माझा दीडशे रुपयांचा गॉगल घातला तर सगळं स्वच्छ. विक्रेत्याने तो पोलराइज्ड असल्याची शपथ घेतली होती. सुदैवाने ती खोटी निघाली.

दुसरी परीक्षा मापाची. क्लबचं विमान म्हणजे सेसना 152. दोन माणसांना मिळून जेमतेम मीटरभर रुंदी. ज्याने विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून वसईपर्यंत प्रवास केला आहे त्याला सेसनाचं वेगळं प्रशिक्षण लागू नये. एक खांदा आत, एक खांदा हवेत, आणि शेजाऱ्याने पान उलटलं की आपण श्वास सोडायचा. ताईच्या हॉलमध्ये जेवणाच्या दोन खुर्च्या फ्रिज आणि कपाटाच्या मधल्या फटीत टेपने मोजून घुसवल्या. उजवीकडे इन्स्ट्रक्टर म्हणून मला बसवलं. स्टिअरिंगच्या जागी, म्हणजे ते ज्याला योक म्हणतात त्याच्या जागी, स्टीलचं ताट. मांडीवर अकरा इंची टॅबलेट. आणि मग भाच्याने विमान उचलायला ताट स्वतःकडे ओढलं.

ताट टॅबलेटवर आदळलं. खणखणाट असा झाला की आतल्या खोलीतून भाच्याची छोटी ओरडली, “जेवायला वाढलं?”

मग मागे सरकून पाहिलं, टॅबलेट उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. मोठ्या टॅबलेटचा एक कोपरा ताटाला तरी लागायचा किंवा भाच्याच्या पोटाला तरी. पोट कमी करणं हा उपाय सूनबाईंनी सुचवला. तक्त्यात त्याचा रकाना नव्हता. शेवटी आठ इंचाच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून मांडीवर ठेवला, ताट ओढलं, आवाज आला नाही. अशा रीतीने बावीस निकषांचा अभ्यास एका ताटाने निकालात काढला आणि मिनी आयपॅड ठरला. जगभरातले हौशी पायलट याच मापाशी का येऊन थांबतात, त्याचं गूढही मला तिथेच उकललं. मांड्या सगळीकडे सारख्याच असतात.

आता तो मांडीवर टिकवायचा कसा? तयार पट्टा मिळतो, पण त्याची किंमत बघून मी त्याला मुलुंडच्या आमच्या केमिस्टाकडे नेलं. गुडघ्याला बांधायचा वेल्क्रोचा पट्टा मागितला.

“कुठला गुडघा दुखतो?”

“दुखत नाही.”

“मग कशाला?”

“विमानासाठी.”

केमिस्टाने पट्टा दिला आणि वर माझ्याकडे बघून हलकेच म्हणाला, “सर, कॅल्शियमपण चालू करा त्यांचं.”

पट्ट्यावर समाधान न मानता भाच्याने काचेला चिकटवायचा रबरी कपवाला स्टँडही मागवला. विमानात थरथर असते, म्हणून कप किती तास धरतो ते तपासायला त्याने तो स्वयंपाकघरातल्या टाइलला चिकटवला आणि त्यावर टॅबलेटच्या वजनाची, बरोब्बर तीनशे ग्रॅम भरेल अशी, तुरीच्या डाळीची पिशवी अडकवली. कपाने रात्री तीनपर्यंत धीर धरला. मग तो भांड्यांच्या मांडणीवर पडला. चोर आला म्हणून खालचे वॉचमन वर आले, त्यांच्यामागून सेक्रेटरी. सगळा प्रकार ऐकल्यावर सेक्रेटरी घाबरे झाले, पण डाळीमुळे नव्हे.

“तुम्ही गच्चीवर विमान तर बांधणार नाही ना?” त्यांनी विचारलं.

प्रश्न हास्यास्पद नव्हता. एक स्टेशन अलीकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर खरोखरच सहा आसनी विमान बांधलं. 2016च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनासाठी ते गच्चीवरून सुटं करून खाली उतरवलं गेलं, 2017च्या नोव्हेंबरमध्ये सरकारदरबारी नोंदणी मिळाली, आणि पुढे उडण्याच्या चाचण्याही धुळ्यालाच झाल्या. उपनगरात पार्किंगवरून सोसायट्या कोर्टात जातात. विमान गच्चीवर ठेवू देणारी सोसायटी मिळणं, हा त्या कॅप्टनच्या इंजिनिअरिंगइतकाच मोठा पराक्रम मी मानतो. भाच्याने सेक्रेटरींना लिहून दिलं की या सदनिकेत तूर्त फक्त टॅबलेट आहे.

टॅबलेट आला. नकाशे उतरवले, पट्टा बसवला, कव्हर काढलं, वाऱ्यासाठी एक बोटभर पंखाही घेतला. शुक्रवारी रात्री भाचा बसने धुळ्याला गेला आणि रविवारी सकाळी परतला. घरात सगळे वाटच बघत होते.

“चालला का रे?” मी विचारलं.

“सीटमागे ठेवला होता. बंद करून.”

“म्हणजे?”

मध्ये बराच खंड पडला होता, म्हणून आधी इन्स्ट्रक्टरबरोबर उडून दाखवायचं होतं. सरांनी टॅबलेट हातात घेतला, उलटसुलट पाहिला, छान आहे म्हणाले आणि मागे ठेवून दिला. कागदाचा नकाशा हातात दिला. त्यावर रेघ मार, आणि डोकं बाहेर काढ. खाली पांझरा दिसतेय का, मुंबई-आग्रा रस्ता दिसतोय का, त्याला सुरत-नागपूर रस्ता कुठे छेदतो ते दाखव. ठिपका तूच आहेस, तो कागदावर कुठे आहे ते बोटाने सांग. एफआयसी आणि एडीसीचे नंबरही टॅबलेटवर टिपायचे नाहीत, मांडीवरच्या कागदावर पेन्सिलीने लिहायचे. आणि नेमकं वळताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

“मग नवीन पेन्सिल ठेव जवळ,” ताई म्हणाली. “नटराजचं अख्खं पाकीट पडलंय छोटीच्या दप्तरात.”

“आई, असं नाही चालत. गोल पेन्सिल विमान कलतं तेव्हा घरंगळते. षटकोनी हवी. एचबी उन्हात फिकी दिसते, टूबी घामाने पुसते. मागे रबर असलेली की नसलेली, तोही प्रश्न आहे.” त्याने लॅपटॉप उघडला. एक्सेलचं कोरं पान समोर आलं. “मामा, शनिवारी मोकळा आहेस? पार्ल्याला एकजण जर्मन पेन्सिली ठेवतो म्हणतात.”